वहीत न लिहिलेले आकडे

वन्सं, परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, भाड्याने आणलेली मोठी पातेली परत गेली, चटया झटकून ठेवल्या. तुमचे भाऊ आज खळ्यावर गेलेत, भात झोडायचं राहिलं होतं. घरात मी एकटी आहे आणि तुमच्या सहाव्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते आहे. पुढच्या बाजूने लिहायची हिंमत होत नाही. पुढच्या बाजूला तुमचं वाक्य अर्धं राहिलं आहे.

मला अजून रडू आलं नाही. दहाव्याला शेजारच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक म्हणाली, "नणंदच व्हती ना, आय थोडीच." दुसरी म्हणाली, "अगं, सोळा वर्सं केलंय हिनं तिचं." तुम्हाला माहीत आहे, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आणि आत काही होत होतं असंही नाही. हात बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आहे. मागच्या दाराशी आलं की मी अजून "पायरी" म्हणते. माझ्या खांद्यावर तुमचा हात नसतो, तरी म्हणते. काल तुमच्या भावाने ऐकलं. आणि ते पायरी जपून उतरले.

रविवारी सुषमा येणार आहे. खोपोलीच्या शाळेतली तुमची लाडकी विद्यार्थिनी, जिचं आता कर्जतला टायपिंगचं दुकान आहे, ती. सहाही वह्या नेऊन ती टाइप करणार आणि मग त्यांचं पुस्तक होणार. तेराव्याला ताटावर बसताना म्हणाली, "काकू, एक पान हरवू देऊ नका. बाईंचा शब्द न् शब्द तसाच छापायचा आहे मला." मी मान हलवली.

वन्सं, शब्द न् शब्द तुमचा नाही. तुमच्या वह्यांत मी एक गोष्ट केली आहे. एकदा नाही, पहिल्या वहीपासून केली आहे. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून करता आली. सुषमाला सांगायच्या आधी ती तुम्हाला सांगायला हवी.

काचबिंदूने डोळे गेल्यावर वर्षभर तुम्ही पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचात. मग एका दुपारी हाक मारलीत.

"इंदू, तुला लिहिता येतं ना?"

"चौथीपर्यंत."

"चौथीत अक्षरं सगळी येतात. बस इथे. भांडी राहू देत."

मी ओल्या हाताने बसले. तुम्ही पहिलं वाक्य सांगितलंत, पृथ्वीवरची मोठी सरोवरं कोणी खणली. मी लिहिता लिहिता विचारलं, "कोणी?" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. म्हणालात, "तीस वर्षं शिकवलं, एका पोराने हे विचारलं नाही. पुस्तकात एक ओळ असते, हिमनद्यांच्या कार्यामुळे सरोवरे निर्माण होतात. पाठ करायची आणि पुढे जायचं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या टोपलीत. त्यांना काय कळणार कार्य?" त्या दिवशी तुम्ही नियम घातलात, जे इंदूला कळणार नाही ते पुस्तकात राहणार नाही.

मला फार प्रश्न पडायचे. तोवर कोणी मला प्रश्न विचारू दिले नव्हते, म्हणून साठले असतील. खचदरी मला लगेच कळली. तांदळाची भाकरी थापताना उकड नीट मळली गेली नसली की भाकरी मधूनच फाटते, तशी जमीन दोन्हीकडे ओढली जाऊन फाटते आणि मधला पट्टा खाली बसतो. तिथे पाणी साठतं. काही सरोवरं अशी झाली. ते मी मान्य केलं. पण बर्फाने दगड कोरला हे काही केल्या मान्य होईना. आपल्या डोंगराचा काळा दगड मी जन्मभर पाहिलाय. त्यावर पहार उडते. त्याला बर्फ काय करणार? तुम्ही चार दिवस समजावलंत. मी लिहीत होते, पण तुम्हाला आवाजावरून कळायचं की हिला पटलं नाही. पाचव्या दिवशी तुम्ही भावाला शिळफाट्याच्या बाजारातून बर्फाची लादी आणायला पाठवलंत.

गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलवर मागे बांधून त्यांनी ती आणली. अर्धी वाटेतच गळाली होती.

"अक्का, सरबत करतेस का काय? येवढा बर्फ!"

"दगड कापायचाय."

"बर्फानं? येडी झालीस का गं? इंदे, हिला आत ने, ऊन लागलंय."

तुम्ही मागच्या दारची शहाबादी फरशी धुवायला लावलीत. मी बर्फ घासला. फरशी फक्त ओली झाली. मला मनातून बरं वाटलं. मग तुम्ही म्हणालात, "आता खाली नदीची खरबरीत वाळू पसर. खडेही राहू देत." मी पसरली. "आता ह्याला वर बसव."

"कोनाला?"

"तुला. वजन नको का? त्या बर्फावर कोसभर जाड बर्फाचं वजन होतं. तू निदान सत्तर किलोचा तरी आहेस."

तुमचे भाऊ गोणपाट टाकून लादीवर बसले. दोघींनी गोणपाटाची टोकं धरली आणि ओढायला लागलो. ते ओरडत होते, "अरं, गोठलं सगळं! इंदे, हळू! माझी बसायची जागा गेली!" तुम्हाला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. लादी कडेला गेल्यावर तुम्ही खाली बसलात आणि बोटं फरशीवर फिरवलीत. एका चरेवर बोट थांबलं. माझा हात ओढून तुम्ही माझं बोट तिथे ठेवलंत. "बर्फ कापत नाही, इंदू. बर्फाने धरलेले खडे कापतात. बर्फ नुसता वजन देतो आणि पुढे सरकतो. हे एका दुपारचं. तिथे हजारो वर्षं चाललं. जिथे दगड मऊ तिथे खोल खड्डा, जिथे कठीण तिथे उंचवटा. आणि कोरलेला सगळा गाळ पुढे ढकलून टाकला, त्याचा बांध झाला. बर्फ वितळला तेव्हा पाण्याला खड्डाही तयार होता आणि बांधही." तो मजकूर मी त्याच संध्याकाळी लिहिला. दुसऱ्या वहीत आहे. तुमच्या भावाचं वजनही लिहा म्हणालात, ते लिहिलं आहे.

असं सगळं लिहिलं, वन्सं. फक्त एक गोष्ट लिहिली नाही.

प्रत्येक सरोवराची तुम्ही लांबी सांगायचात, रुंदी सांगायचात आणि मग खोली. लांबी मी लिहिली. रुंदी लिहिली. खोलीच्या जागी मी 'फार खोल' असं लिहिलं. दर वेळी. आकडा एकदाही लिहिला नाही.

लिहून झालं की तुम्ही म्हणायचात, "वाच." मी वाचत वाचत लांबी-रुंदीलाही जरा अडखळायचे, म्हणजे संशय येणार नाही, आणि त्या जागी आले की थांबायचे. तुम्हाला वाटायचं, मोठा आकडा आला म्हणून अडली. "अगं, शतक, दशक, एकक. तेवढं तर चौथीला असतं," असं म्हणून तुम्ही स्वतःच आकडा सांगायचात आणि पुढे वाचायला लावायचात. पुढेपुढे वाट पण बघेनाशा झालात. मी थांबले की लगेच आकडा. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालात, "आमची इंदू अक्षराला पहिली आणि आकड्याला नापास." सगळे हसले. मीही हसले. चहा आणायला उठले आणि आत थोडा वेळ उभी राहिले.

मला आकडे येत होते. का थांबायचे ते आता सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या भावालाही नाही.

माझं माहेर दहिवलीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. नदीत एक डोह आहे. म्हणायचे, सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही. त्यात आसरा राहतात, सात बहिणी. त्यांच्या पाण्याची खोली मोजायची नाही आणि मोजली तरी तोंडाने बोलायची नाही. त्यांना ऐकू जातं. बोलणाऱ्याला त्या खाली बोलावतात, ये, बघून जा, म्हणतात. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत होतं, जसं केस मोकळे सोडून विहिरीवर जायचं नाही हे माहीत असतं.

माझा धाकटा काका कशाला मानायचा नाही. मी चौथीत होते तेव्हा त्याने विहिरीचा दोर आणला, टोकाला धोंडा बांधला आणि डोहात सोडला. दोर हाताने मोजत होता. मला म्हणाला, "तू साळंत जातेस ना? मोज मोठ्यानं. माझं चुकंल." मला फार अभिमान वाटला. काठावर उभी राहून मी मोठ्याने मोजलं. तळ लागला. किती हात, ते मी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. काकाने मला खांद्यावर घेऊन घरी आणलं. आईने ऐकलं आणि माझ्या तोंडावर हात दाबला.

त्याच वर्षी काका त्या डोहात गेला. पोहणारा होता. तीन दिवसांनी मिळाला.

आई मला कधी रागाने काही बोलली नाही. शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मोजायला शिकली, त्येवढं पुरे झालं." पाचवीला कर्जतला जायचं होतं. नाही गेले.

आता तुम्ही म्हणाल, काका दारू प्यायला होता का, पाय अडकला का, पाण्याला ओढ होती का. हे सगळं मीही स्वतःला विचारलंय. तुमच्यासोबत राहून विचारायला शिकलेच. माझ्या डोक्याला कळतं. पण तुम्ही "खोली" असं म्हणायचात आणि माझ्या हाताला तो दोर जाणवायचा.

तुम्ही बोलायचात ते मला थांबवता येत नव्हतं. पण मला वाटायचं, बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. लिहिणं माझ्या हातात होतं. म्हणून नाही लिहिलं. आणि तुम्ही बोललेल्याचं काही होऊ नये म्हणून दर अमावास्येला गावाजवळच्या धरणाच्या कडेला जाऊन हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू ठेवून यायचे. दूध आणायला जाते असं सांगायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "आज दूध लांबून आलं वाटतं." मी घाबरले. तुम्ही चहा प्यायलात आणि पुढचं सांगायला लागलात. तुमच्या पुस्तकासाठी मी हे केलं नाही. तुम्ही राहाव्यात म्हणून केलं. हे तोंडावर कधी सांगता आलं नसतं. कागदावर लिहितानाही लाज वाटते आहे.

एकदा सगळं उघड होता होता राहिलं. आठवतं का बघा. पळसदरीच्या धरणावर आपण संध्याकाळी बसलो होतो. तुम्ही नेहमीचं बोलत होतात, हे काही सरोवर नव्हे, माणसाने भिंत घालून अडवलेलं पाणी, आपल्या सह्याद्रीत बर्फ कधी आलाच नाही, आपल्याला नुसती धरणं. मुंबईकडची पोरं कपडे काढून काठावर उभी होती. त्यातला एक तुमच्याकडे वळून म्हणाला, "आजी, इथे पाणी किती खोल आहे?"

तुम्ही तोंड उघडलंत. तुम्हाला माहीत असणारच.

"नका विचारू!" मी ओरडले. "नका विचारू काही! उतरू नका पाण्यात, घरी जा!"

पोरांतल्या एकाने शर्ट घातला. तुम्ही माझ्याकडे तोंड वळवलंत.

"इंदू, तू बोललीस?"

"हो."

"परक्या माणसांशी? ओरडून?"

"हो."

तुम्ही आठवडाभर ते सांगत होतात. दूधवाल्याला, भावाला, फोनवर सुषमाला. "आमची इंदू वाघीण निघाली, चार पोरं पिटाळली." का ओरडले ते एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर त्या दिवशी सांगितलं असतं. माझ्या ओठावर होतं. मला अजून राग येतो त्याचा, थोडासा. तुम्हाला पृथ्वीच्या पोटातलं सगळं विचारावंसं वाटायचं. माझ्या पोटातलं नाही वाटलं.

असो. तुम्ही मला वही दिलीत. ते मी विसरत नाही.

गादीचं भांडणही राहिलंच. तुम्ही सांगत होतात की बर्फाच्या वजनाने जमीन खाली दबली होती, आणि बर्फ गेल्यावर ती हळूहळू वर यायला लागली. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली तरी अजून वर येते आहे. सरोवरांचे काठ त्यामुळे कलतात. तुम्ही म्हणालात, "गादीवरून माणूस उठला की खळगा भरून येतो ना, तसं."

मी म्हटलं, "आपल्या गादीचा नाही भरत. कापसाची आहे. पिंजाऱ्याकडे द्यावी लागते."

"पृथ्वीला पिंजारी लागत नाही."

"मग गादीसारखं म्हणू नका. पोरं घरी जाऊन गादी बघतील आणि तुम्हाला खोटं ठरवतील."

तुम्ही चिडलात. दोन दिवस लिखाण बंद ठेवलंत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "बघू. दुसरं काहीतरी शोधू." शोधायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तुमची गादी बाहेर काढली तेव्हा मी हात फिरवून बघितला. खळगा होता तसाच होता. माझं खरं होतं. पण ते मी कोणाला सांगणार होते.

सहाव्या वहीतलं शेवटचं सरोवर सुपीरियर. तुम्ही त्याला शेवटी ठेवलं होतंत, कारण त्यात दोन्ही आहेत. आधी जमीन फाटली. शंभर कोटी वर्षांहून जुनी गोष्ट, तुम्ही म्हणालात. त्या फटीतून लाव्हा आला, आपल्या डोंगराचा आहे तसाच काळा दगड झाला. मग फाटता फाटता जमीन थांबली आणि मधला भाग जड होऊन खाली बसला. पुढे कितीतरी काळ गेला, मग बर्फ आला आणि त्याच बसलेल्या जागी त्याने आणखी कोरलं. "एकाच्या हातून नाही होत असं काम," तुम्ही म्हणालात. "एकाने जागा केली, दुसऱ्याने खोदली." हे तुम्ही लिहायला सांगितलं नव्हतंत, नुसतं बोललात. मी लिहून टाकलं आहे.

मी विचारलं, "तुम्ही पाहिलंय का ते?"

"मी एकही पाहिलेलं नाही, इंदू. मोठं म्हणावं असं एकही. नकाशात पाहिली. आता तर नकाशाही दिसत नाही."

मग लांबी, रुंदी आणि खोली सांगितलीत. खोलीला मी 'फार खोल' लिहिलं. मग म्हणालात, "लिही, ह्या सरोवराचा उत्तरेकडचा काठ अजून," आणि खोकलात. पाणी दिलं. "राहू दे, बाकीचं उद्या." पुढचं मला ठाऊक आहे, काठ वर येतोय, हेच असणार. पण तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी लिहिणार नाही.

सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही पडवीत खुर्चीत होतात. मान थोडी खाली. मी दोनदा हाक मारली. कप कठड्यावर ठेवला. तो कप मी सांडू दिला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

पडवीत, वन्सं. कोरड्या जागी. पाण्यापासून इतक्या लांब. इतक्या वह्यांत मी खोलीचा एकही आकडा लिहिला नाही, तरी तुम्ही गेलात. पंधरा दिवस मी हेच घेऊन बसले आहे. रडण्यापर्यंत पोचतच नाही. तिथल्या तिथे फिरते.

आता तुमच्या वह्यांत एवढ्या सगळ्या ठिकाणी 'फार खोल' आहे आणि ते तुमच्या नावाने छापलं जाईल. भूगोलाच्या बाई, आणि त्यांना खोली माहीत नव्हती, असं लोक म्हणतील. तुमच्या भावाला विचारावंसं वाटलं. पण ते म्हणतील, "जाऊ दे गं, खोल तर खोल." रविवार उद्यावर आला आहे.

*

रविवार होऊन गेला. जे झालं ते लिहून ठेवते.

सुषमा अकराला आली. पिशवी घेऊन आली होती. मी सहाही वह्या समोर ठेवल्या आणि मला काही बोलता येईना. तिने चहा घेतला, तुमच्या खुर्चीकडे बघितलं, डोळे पुसले. मग वह्या पिशवीत भरायला लागली. तिसरी वही हातात घेतली तेव्हा मी ती धरली. उघडली. 'फार खोल' वर बोट ठेवलं.

"हे बाईंचं नाही. माझं आहे."

तिने वाचलं. आणखी पानं उलटली. पहिली वही उघडली, चौथी उघडली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काकू, हे काय? बाईंना हा शब्द खपायचा नाही. मी एकदा पेपरात 'नदी फार लांब आहे' लिहिलं तर त्यावर लाल रेघ, आणि वर्गात उभं करून म्हणाल्या, फार हे माप नव्हे." मग तिचा आवाज मऊ झाला. "खोलीचे आकडे लिहायला अवघड गेले का तुम्हाला? मला फोन करायचा ना. लाजायचं काय त्यात?"

तिने मला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. तुम्ही इतकी वर्षं तेच समजत होतात. पाहुणे तेच समजत होते. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

"येत होते," मी म्हटलं.

"मग?"

मग मी सांगितलं. डोह, दोर, काका, आईने तोंडावर ठेवलेला हात. मला वाटलं होतं सांगायला दिवस लागेल. एक चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळात संपलं. सुषमा खाली बघत होती.

"बाईंना का नाही सांगितलं?"

"हसल्या असत्या."

"नसत्या हसल्या, काकू."

"हसल्या असत्या. आणि मग मला लिहावं लागलं असतं."

तिने पिशवीतला फोन बाहेर काढला. म्हणाली, "फोनवर मिळतात सगळे आकडे. दुकानात बसून मी भरीन. तुम्ही नका काळजी करू."

"नको," मी म्हटलं. "अक्षर माझं आहे. मी लिहिते. तू सांग."

आम्ही पहिल्या वहीपासून बसलो. ती सरोवराचं नाव फोनवर शोधायची, आकडा वाचायची, मी 'फार खोल' वर एक रेघ मारून त्याच्या शेजारी आकडा लिहायचे. पहिल्या आकड्याला हात थांबला. दुसऱ्याला कमी थांबला. मग नाही थांबला. तुमचे भाऊ खळ्यावरून जेवायला आले, दारातून बघून म्हणाले, "दोघी पन अभ्यासाला बसल्या का काय? जेवायला देनार का उपास हाय?" मी त्यांना ताट वाढून दिलं आणि परत येऊन बसले. ते तिथेच, आमच्या समोर बसून जेवले. ऐकत होते. मध्येच एका आकड्याला म्हणाले, "येवढं खोल?" सुषमा म्हणाली, "हो काका." ते म्हणाले, "बाप रं," आणि भात कालवायला लागले.

सहाव्या वहीचं शेवटचं पान आलं. सुषमाने फोनवर नाव टाइप करायला घेतलं.

"तो राहू दे," मी म्हटलं. "तो मला माहीत आहे. आदल्या संध्याकाळीच सांगितला होता त्यांनी."

"मग लिहा."

मी लगेच लिहिला नाही. आधी बोलले. चौथीनंतर कुठल्या पाण्याची खोली माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती.

"चारशे सहा मीटर."

तुमच्या भावाने ताटातून वर बघितलं. सुषमाने फोनवर पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर."

मग मी तो लिहिला. आधी अक्षरात, मग आकड्यात. काही झालं नाही. कोणी बोलावलं नाही. बाहेर कोंबड्या होत्या. सुषमा वह्या घेऊन गेली. ही सहावी तेवढी मी ठेवून घेतली, मागची पानं कापून उद्या देते म्हटलं. संध्याकाळी भांडी घासताना तेव्हा कुठे डोळ्यांना पाणी आलं, हात चालेनात, आणि मी तशीच मोरीत बसून राहिले, बराच वेळ.

मला आकडे येतात, वन्सं. पहिल्यापासून येत होते.